ड्रायव्हिंग टेस्टला भाच्याची सॅन्ट्रो नेली तर चालेल का?

फुलेवाडीची चटणीवाली

नमस्कार मंडळी. वय ४४. कोल्हापुरात फुलेवाडीत आमचं मिरची कांडप आहे, कांदा-लसूण चटणी करून दुकानांना पोचवतो. आजवर पोचवायचं काम आमच्या ह्यांच्याकडे होतं. दिवाळीच्या आधी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी क्लचवर पाय ठेवायचा नाही म्हणून बजावलंय. मार्चपासून मिरचीचा सीझन. त्याच्या आत लायसन माझ्या हातात पडलं पाहिजे, नाहीतर टेम्पोवाल्याच्या मागे फिरावं लागणार.

५ डिसेंबरला लर्निंग निघालं. चाळिशीच्या वर असल्यामुळे डॉक्टरचं सर्टिफिकेट लागलं, ते दिलं. ड्रायव्हिंग स्कूलला पंधरा दिवस गेले, पुढं रोज सकाळी सहाला शेंडा पार्कच्या बाजूला भाच्याला घेऊन सराव. आता २२ जानेवारीचा स्लॉट मिळालाय. स्कूलवाले म्हणतात, टेस्टला आमची गाडी घ्या, आठशे रुपये वेगळे. आठशे रुपये म्हणजे माझी दोन किलो चटणी. शिवाय त्यांच्या गाडीचा क्लच अगदी वर लागतो. भाच्याच्या गाडीवर माझा पाय बसलाय.

गाडी सॅन्ट्रो, डिसेंबर २०१० ची, भाच्याच्या नावावर. मागे कधीतरी गॅस किट बसवलं होतं, आता पेट्रोलवरच चालते, टाकी डिकीत तशीच आहे. विमा आहे पण नुसता थर्ड पार्टी. पीयूसी, म्हणजे प्रदूषणाचा दाखला, आहे असं भाचा म्हणतो. भाचा काहीही म्हणतो.

तर गाडी आपल्या नावावर नसली तर टेस्ट घेत नाहीत का? थर्ड पार्टी विमा चालतो का? एल बोर्ड विकतचाच लागतो का? मी पुठ्ठ्यावर लाल नेलपॉलिशनं काढलाय.

अजून एक. नेट कॅफेतल्या पोरानं लर्निंगला "सगळंच टाकूया काकू" म्हणत गिअरची मोटरसायकलही टाकली. माझ्याकडे अ‍ॅक्टिवा आहे. तिच्यावर टेस्ट देता येईल ना?

पुंगळी_०९

काकू, नावाचं टेन्शन घिऊ नका. मी थोरल्या भावाच्या बुलेटवर दिली टेस्ट, नाव कुणी इचारलं नाही. पण मला पैल्यांदा परत पाठवला. का? तर पुंगळी (सायलेन्सर) बदलल्याली, आरसे काढल्याले आणि नंबरप्लेटवर ०९ असा काढल्याला की लांबनं "राज" वाचायचं. साहेब गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "ही गाडी रस्त्यावर आणलीस हेच चुकलं, परीक्षा कसली देतोस." बरोबरच हुतं त्यांचं. कंपनीची पुंगळी माळ्यावर पडल्याली, ती काढली, आरसे बसवले, प्लेट नवी केली आणि आठवड्यानं गेलो. पास.

अ‍ॅक्टिवावर गिअरची टेस्ट हुईत नाही. गाडी आणा कुणाची तरी.

उद्यमनगरचा मिस्त्री

वहिनी, तुम्ही विचारलं नावाचं, विम्याचं, बोर्डाचं. खरी अडचण तुम्ही बोलता बोलता सांगून गेलात: "डिसेंबर २०१० ची".

खासगी गाडीचं आरसी, म्हणजे नोंदणीचं बुक, पंधरा वर्षांचं असतं. तुमच्या भाच्याच्या सॅन्ट्रोला गेल्या महिन्यात पंधरा पूर्ण झाली. त्याला आरसी बुक काढून मागचं पान बघायला सांगा, "नोंदणी वैध" असं लिहून पुढं तारीख असते. स्मार्ट कार्ड असेल तर त्याच्यावरही असते. ती तारीख गेली असेल तर रिन्यूअल होईपर्यंत ती गाडी टेस्टलाच काय, दुधाला जायलाही बाहेर काढायची नाही. आणि तुम्ही रोज सकाळी तिच्यावर शेंडा पार्कला जाताय!

रिन्यूअलचा अर्ज फॉर्म २५. मुदत संपायच्या साठ दिवस आधीपासून करता येतो, म्हणजे ऑक्टोबरातच सुरू करायला पाहिजे होता. गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो, मग पाच वर्षं वाढवून मिळतात. चारचाकीची ही रिन्यूअलची फी पूर्वी ६०० होती, एप्रिल २०२२ पासून ५,००० केली. लोक फी ऐकून गाडी विकायला काढतात. इंजिन चांगलं असेल तर विकू नका म्हणावं, सॅन्ट्रोचं इंजिन हाताळलेल्या माणसाला विचारा.

मग गॅस किट. टाकी डिकीत आहे, पण आरसीवर इंधनाच्या जागी काय लिहिलंय? "पेट्रोल/एलपीजी" असेल तर ठीक. नुसतं "पेट्रोल" असेल तर ते किट नोंद न करता बसवलंय, गॅस वापरा नाहीतर नका वापरू. गाडीत केलेला असला बदल आरसीवर चढवायलाच लागतो. माझ्याकडे अशा पाच-सहा गाड्या दरवर्षी येतात, पासिंगच्या आदल्या दिवशी टाकी काढायला. डिकी उघडली की बोल्टची भोकं दिसतातच, कुणाला फसवताय?

आता तुम्ही विचारलेलं. मालकी कुणाचीही असू दे. नियम एवढाच की ज्या प्रकारच्या गाडीचं लायसन मागता, त्या प्रकारच्या गाडीवर टेस्ट. चारचाकी मागताय, चारचाकी न्या. गिअरची मोटरसायकल मागताय, तर स्प्लेंडर, शाइन, काय असेल ते न्या. गिअरचं लायसन मिळालं की अ‍ॅक्टिवा त्यात आलीच. उलट चालत नाही. गिअरची नकोच असेल तर स्लॉटच्या आधीच अर्जाचं काय करायचं ते ऑफिसात विचारा, ऐनवेळी खिडकीवर जाऊन "मला बिनगिअरचं द्या" असं होत नाही.

थर्ड पार्टी पुरतो. कायद्यानं सक्तीचा तेवढाच आहे. पण पॉलिसीचं एक काम करा. "ड्रायव्हर" म्हणून बारीक अक्षरात एक परिच्छेद असतो, कुणी वाचत नाही. त्यात लिहिलेलं असतं की लर्निंगवाला माणूसही गाडी चालवू शकतो, पण त्यानं केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ३ पाळलेला असला पाहिजे. नियम ३ म्हणजे पुढं-मागं एल बोर्ड, आणि शेजारी लायसनवाला माणूस, गाडी थांबवता येईल अशा जागी बसलेला. मागच्या सीटवर मोबाइल बघत बसलेला भाचा त्यात बसत नाही. उद्या कुणाला धक्का लागला तर विमा कंपनी पहिल्यांदा हाच परिच्छेद काढून दाखवेल.

नेलपॉलिश चालतं. पांढऱ्यावर लाल पाहिजे, कशानं काढलं हे कुणी बघत नाही. मापं मात्र ठरलेली आहेत: पुठ्ठा कमीत कमी १८ सेंटिमीटरचा चौकोन, अक्षर १० सेंटिमीटर उंच, रेघ २ सेंटिमीटर जाड, खालची आडवी रेघ ९ सेंटिमीटर. दुकानात मिळणारे ते स्टिकर मोजून बघा एकदा, बरेचसे कमीच भरतात. तुमचा पुठ्ठा जास्त कायदेशीर निघेल.

फुलेवाडीची चटणीवाली

मिस्त्री, हात जोडले. आत्ता भाच्याकडे जाऊन आले. आरसीवर "१३ डिसेंबर २०२५ पर्यंत". इंधनाच्या जागी नुसतं पेट्रोल. पीयूसी गणपतीतच संपलेली. तो मला म्हणतो, "मामी, एवढं कोण बघतंय?" मी म्हटलं, बाबा रे, कांडपाचं लायसन, अन्नवाल्यांचं लायसन, वजनकाट्याचा शिक्का, सगळं बघायला माणसं येतात तेव्हा मी असं म्हणू शकते का? गप्प बसला.

एल बोर्ड मोजला. पुठ्ठा २० चा आहे, अक्षर साडेआठ उंच. परत काढते.

आता गाडी कुठली? नणंद कागलला असते, तिची वॅगनआर आहे २०१८ ची. ती देते म्हणाली, आणि तिचं लायसन वीस वर्षांचं आहे, म्हणजे शेजारी तीच बसेल. पण त्या गाडीला काळ्या काचा आहेत. काढाव्या लागतील का?

बिनक्लचचा

मध्येच घुसतोय, माफ करा. माझी गाडी ऑटोमॅटिक आहे. ऑटोमॅटिकवर टेस्ट दिली तर लायसनवर तसं लिहितात का, आणि मग गिअरवाली चालवायला बंदी का?

उद्यमनगरचा मिस्त्री

नाही. दुचाकीत गिअरची आणि बिनगिअरची असे दोन वेगळे प्रकार आहेत. चारचाकीत तसं नाही, हलकं मोटार वाहन एवढंच. विजेची असली तरी तेच. फक्त आयुष्यात कधी क्लच दाबलेला नसताना उद्या मित्राची गिअरवाली घेऊन वाघबीळच्या चढाला जाऊ नका. लायसन आहे म्हणून गाडी मागं घरंगळायची थांबत नाही.

वहिनी, काळी फिल्म काढा. सुप्रीम कोर्टानं २०१२ सालीच काचेवर फिल्म नको म्हणून सांगितलं. मूळ काचेतनंच पुढं-मागं ७० टक्के आणि बाजूनं ५० टक्के उजेड आत आला पाहिजे. तुमच्या नणंदेची फिल्म बाजारातली असणार. गरम पाण्याचा फडका आणि ब्लेड घेऊन सावकाश काढा, मागच्या काचेवर डीफॉगरच्या (काचेवरची वाफ घालवायच्या) तारा असतील तर तिथं ब्लेड लावू नका, तुटतात. नाहीतर गाडी माझ्याकडे आणा, चहा पाजून काढून देतो.

२०१८ ची म्हणजे एचएसआरपी, म्हणजे ती जादा सुरक्षेची नंबरप्लेट, बसवलीय का तेही बघा. एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना ती बसवायची आहे, नव्यांना कंपनीतूनच येते.

काठीवाला सर

मिस्त्रींनी बहुतेक सांगितलंच. माझा अनुभव वेगळा आहे म्हणून लिहितो, कुणाला तरी उपयोगी पडेल.

माझ्या डाव्या पायाला लहानपणापासून पोलिओ. स्कूटरला मागे दोन जादा चाकं लावून घेतली आणि वाटलं, झालं काम. पण तो गाडीतला बदल झाला, तो आरसीवर चढवावा लागतो. मी आधी ते केलं नव्हतं, त्यामुळे एक हेलपाटा. आरसीवर नोंद झाल्यावर त्याच स्कूटरवर टेस्ट दिली. कायद्यात पूर्वी अशा गाडीला जे नाव होतं ते वाचायलासुद्धा नको वाटायचं. २०१९ च्या दुरुस्तीत बदललं, आता "अनुकूलित वाहन" अशा अर्थाचा शब्द आहे. शब्द बदलल्यानं जिना चढायचा वाचत नाही, पण बरं वाटलं.

मुद्दा असा की आपल्या अंगाला जी गाडी बसते तीच टेस्टला न्यायची. दुसऱ्याच्या साध्या स्कूटरवर मी कितीही जिद्दीनं बसलो असतो तरी टेस्टला गाडी आठाच्या आकड्यात फिरवायला लावतात त्यात पहिल्याच वळणाला पडलो असतो.

पुंगळी_०९

सर, नाद खुळा. काकू, हेल्मेट इसरू नका दुचाकीला. आयएसआय शिक्क्याचं. माझ्या मागच्या पोराला नुसत्या टोपीसाठी थांबवल्यालं.

पन्हाळकर

थोडी शंका. मी कायदा वाचला तर "मालकाची परवानगी" वगैरे कुठं दिसत नाही. मग ड्रायव्हिंग स्कूलवाले आमचीच गाडी लागते असं का सांगतात?

उद्यमनगरचा मिस्त्री

"लागते" असं सांगत असतील तर चूक. "घ्या, सोयीची आहे" असं सांगत असतील तर त्यात तथ्य आहे. स्कूलच्या चारचाकीला दुहेरी कंट्रोल असायलाच लागतो, म्हणजे शेजारच्या माणसाच्या पायाखालीही ब्रेक-क्लच. त्यांचे कागद रोजच्या कामाचे, त्यामुळे बहुतेक वेळा जागेवर असतात. घरच्या गाडीचे कागद वर्षातून एकदा, तेही विम्याचा एजंट फोन करतो तेव्हा. ज्याच्या घरी गाडीच नाही त्यानं पैसे देऊन स्कूलची गाडी घ्यावी, त्यात लाज नाही. फक्त टेस्टच्या वेळी शेजारच्याचे पाय कुठं आहेत ते साहेब बघत असतात एवढं लक्षात ठेवा. त्या जादा पॅडलवर पाय दिसला तर परीक्षा तुमची नाही, ट्रेनरची झाली.

नापास झालात तर सात दिवसांनी परत. तीनदा झालात तर साठ दिवस थांबायचं, आणि आता तर मधे उजळणीचं ट्रेनिंगही घ्यायचं. टेस्टची फी प्रत्येक प्रकाराला ३००, दर खेपेला.

वहिनी, अजून एक विचारतो. चटणी पोचवायला पुढं छोटा हत्ती घ्यायचा विचार आहे का? असेल तर ६ नोव्हेंबर २०२४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल लक्षात ठेवा: हलक्या मोटार वाहनाचं लायसन असलेल्याला ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवायला वेगळी नोंद लागत नाही. म्हणजे ह्या एकाच टेस्टवर तुमचा टेम्पोही निघतो.

फुलेवाडीची चटणीवाली

हे माहीत नव्हतं! ह्यांना वाचून दाखवलं, ते पलंगावरून उठूनच बसले. आता टेम्पो कुठल्या रंगाचा घ्यायचा इथपर्यंत गेलेत. लायसन अजून व्हायचंय.

फुलेवाडीची चटणीवाली

मंडळी, टेस्ट झाली. सविस्तर लिहिते, कारण इथूनच सगळं कळलं.

आदल्या रविवारी नणंद वॅगनआर घेऊन आली. काळी फिल्म मी आणि तिनं मिळून काढली, अडीच तास. तिची धाकटी म्हणाली, आता ऊन लागणार. लागू दे. नंतर आरसी, विमा, पीयूसी तिघांच्या तारखा कागदावर लिहून काढल्या. आरसी २०३३ पर्यंत. विमा ऑगस्टपर्यंत. पीयूसी २१ जानेवारी. आणि टेस्ट २२ ला! नणंद म्हणाली, एका दिवसानं काय होतंय. मी भाच्याची आठवण करून दिली. २१ ला संध्याकाळी पंपावर जाऊन नवी काढली. ही प्रदूषणाच्या भारत स्टेज ४ नियमातली गाडी, त्यामुळे वर्षभराची मिळाली.

चारचाकीला कागद मोबाइलवर दाखवले, डिजिलॉकरमधून. चालतात. तरी झेरॉक्स पिशवीत होत्याच.

सकाळी ताराबाई पार्कात आरटीओला जाताना गाडी नणंदेनं चालवली. मी म्हटलं मी घेते, बोर्ड आहे, तू शेजारी आहेस. तर म्हणाली, कावळा नाक्याच्या गर्दीत हात थरथरला तर तिथं टेस्टला काय चालवशील. तेही खरं.

आमच्या पुढं एक मुलगा होता. अगदी चकचकीत गाडी, नवीकोरी. साहेबांनी विचारलं, इथपर्यंत कोणी आणली? तो म्हणाला, "मीच." एकटाच? "हो." लर्निंगवर एकटा गाडी चालवत टेस्टला आलेला. त्याला बाजूला थांबवलं. त्याचं तोंड बघवत नव्हतं. गाडीत काहीच दोष नव्हता, फक्त शेजारची सीट रिकामी.

माझी पाळी आली. नणंद बुटकी आहे, त्यामुळे आतला आरसा तिच्या उंचीला लावलेला. मी बसले, सीट मागे घेतली, आरसा धरून हलवला, बाहेरचे दोन्ही बघितले, मग पट्टा. साहेब काही बोलले नाहीत पण कागदावर एक खूण केली. नंतर कळलं, नियमातल्या यादीत पहिलंच ते आहे, आरसा लावणं. पुढं घेतली, मागं घेतली, हातानं सिग्नल दाखवायला लावले, चढावर थांबवून परत काढायला लावली. तिथं हँडब्रेक ओढून ठेवला आणि क्लच सावकाश सोडला. वॅगनआरचा क्लच सॅन्ट्रोपेक्षा हलका आहे, दोन दिवस सराव केला म्हणून बरं, नाहीतर बंद पडली असती. जी गाडी नेणार तिच्यावर आधी हात बसवा, हे मी माझ्या पदरचं सांगते.

दुचाकीला शेजारच्या दादांची स्प्लेंडर नेली होती. साडीवर गिअरची मोटरसायकल म्हटल्यावर बघायला माणसं जमली. मी आदल्या रात्रीच पंजाबी ड्रेस इस्त्री करून ठेवला होता. आठाच्या आकड्यात दुसऱ्या फेरीला पाय खाली टेकला. नापास. चारचाकी पास, मोटरसायकल नापास. सात दिवसांनी परत बोलावलंय, ३०० रुपये परत. पुंगळीवाल्या दादा, तुमचं हेल्मेटचं ऐकलं होतं, त्यात काही कमी नव्हतं. पाय माझाच कमी पडला.

भाच्यानं सॅन्ट्रोचा फॉर्म २५ भरलाय. किट मिस्त्रींकडे काढायला दिलं. मिस्त्रींनी चटणीच्या बदल्यात मजुरी सोडली, ते त्यांनी इथं लिहू नका म्हणून सांगितलं होतं.

साहेबांनी एल बोर्ड हातात घेऊन बघितला तेव्हा विचारलं, "मिरचीचा वास कशाचा येतोय?" पुठ्ठा चटणीच्या खोक्याचा होता, दुसरा कुठून आणणार. चार काढले होते, त्यातले दोन मोटरसायकलच्या टेस्टपर्यंत लागतील. उरलेले दोन बरोबर मापाचे आहेत. कुणाला हवे असतील तर फुलेवाडीत येऊन घेऊन जा, मेणकापडात गुंडाळून ठेवलेत.

बिनक्लचचा

एक जोडी मला ठेवा काकू. शनिवारी येतो. अर्धा किलो तिखटवाली पण.